फासा कोणाच्या हातात? यादृच्छिक संख्यांचा इतिहास आणि मुक्तस्रोत यूएसबी यंत्रे

१/ आजचा धागा एका लहानशा वस्तूविषयी आहे. पेन ड्राइव्हएवढी ही वस्तू संगणकाच्या यूएसबी खाचेत बसते आणि एकच काम करते: ज्यांचा अंदाज कोणालाही बांधता येणार नाही अशा संख्या अखंड पुरवत राहते. अशी यादृच्छिक संख्या-यंत्रे बाजारात पुष्कळ मिळतात. मला लिहायचे आहे ते त्यांतल्या मोजक्या यंत्रांबद्दल. त्यांच्या कर्त्यांनी सर्किटचा आराखडा आणि आतली आज्ञावली दोन्ही जगासमोर उघडी ठेवली आहेत.

२/ इतिहासाच्या धाग्यात हे कशाला, असे कोणी विचारेल. कारण हा प्रश्न मुळात साधनचिकित्सेचा आहे. समोर आलेली वस्तू अस्सल आहे की बनावट, हे तिच्याकडे नुसते पाहून कळत नसेल तर काय करायचे? इतिहासाचा अभ्यासक ज्या प्रश्नाशी रोज झुंजतो, तोच हा प्रश्न. माझे मत सुरुवातीलाच सांगते: जिथे यदृच्छेवर दुसऱ्याचे भवितव्य ठरते, तिथे बंद पेटीतून आलेली संख्या आपण मान्य करू नये.

३/ आपल्याकडे यदृच्छेची कथा फाशांपासून सुरू होते. वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात सांगतो आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. सभापर्वात शकुनी डावामागून डाव जिंकत जातो. दोन्ही कथांत एक जाण समान आहे. फासा दैवाचा दूत असेलही, पण तो कोणाच्या हातातून सुटतो, याला फार महत्त्व आहे.

४/ आधुनिक काळात यदृच्छेची गरज संख्याशास्त्राला पडली. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९० मध्ये संख्याशास्त्रीय प्रयोगांसाठी खास फासे सुचवले. पण हजारो वेळा फासे टाकणे कंटाळवाणे, आणि फासा झिजला की पक्षपाती होतो. म्हणून १९२७ मध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून अंक उचलून ४१,६०० यादृच्छिक अंकांचे एक पुस्तकच छापले. फासा टाकण्याऐवजी पुस्तक उघडायचे आणि अंक वाचत जायचे.

५/ हे पुस्तक भारतातही वापरले गेले. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये टिपेटच्या अंकांवरून नमुन्यांचे तक्ते तयार केले. पुढे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक नमुन्यांवरून काढण्याची पद्धत देशात रुजवली. कोणते गाव, कोणते शेत आणि शेताचा कोणता तुकडा कापून मोजायचा, हे माणसाच्या मर्जीने न ठरता अंकांनी ठरावे, ही त्यामागची भूमिका.

६/ इथे क्षणभर थांबायला हवे, कारण यदृच्छा हा काही गणितज्ञांचा शौक नव्हे, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते. पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरीवर आजही पीकविम्याची भरपाई ठरते. मोजणाऱ्याने मुद्दाम भरघोस तुकडा निवडला, तर कागदावर उत्पादन वाढते आणि शेतकऱ्याची भरपाई बुडते. ‘कोणते शेत?’ या प्रश्नाचे उत्तर अंकांवर सोपवण्यात न्याय आहे तो एवढ्याचसाठी. पण अंक निवडणाराच पक्षपाती असेल, तर तो न्याय कागदावरच राहतो.

७/ १९३८-३९ च्या सुमारास केंडल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी फिरत्या तबकडीच्या साहाय्याने १,००,००० अंक तयार केले. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनने १९४७ पासून इलेक्ट्रॉनिक रुलेट चालवले आणि १९५५ मध्ये दहा लाख अंकांचे जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. या यंत्राचे सुरुवातीचे अंक किंचित पक्षपाती निघाले होते. मग अंकांची आपापसांत बेरीज करून तो दोष काढावा लागला. लक्षात ठेवण्याजोगी बाब ही की हा दोष आणि त्यावरचा उपाय, दोन्ही रँडने पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवले.

८/ ब्रिटनमध्ये सरकारी बचतरोख्यांवर बक्षिसे देण्यासाठी ‘अर्नी’ नावाचे यंत्र बांधले गेले. त्याची पहिली सोडत १ जून १९५७ रोजी झाली. यंत्र बांधणाऱ्यांत टॉमी फ्लॉवर्स होते. युद्धकाळात जर्मन संदेश फोडणारे ‘कोलोसस’ हे यंत्र घडवणारे तेच अभियंते. अर्नीमध्ये निऑन नळ्यांतील विद्युत खळबळीतून अंक निघत. पण लोकांचा विश्वास नळ्यांवर सोडून दिला गेला नाही. प्रत्येक सोडतीचे अंक यंत्र बांधणाऱ्यांहून वेगळे असलेले सरकारी विमागणितज्ञांचे खाते तपासते.

९/ आता विरुद्ध टोकाचे उदाहरण. १ डिसेंबर १९६९. व्हिएतनाम युद्धासाठी कोणत्या तरुणांना आधी बोलवायचे, हे ठरवण्याची सोडत अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सर्वांसमोर झाली. ३६६ कुप्यांत वर्षातील एकेक तारीख होती. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भांड्यात पडल्या आणि नीट घोळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. कुप्या पुरेशा न ढवळल्याची किंमत म्हणजे कोणा मुलाचे युद्धावर जाणे.

१०/ तरीही या फसलेल्या सोडतीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दोष उघडकीस आला तो सगळे उघड्यावर घडल्यामुळे. कुप्या कशा भरल्या हे माहीत होते, निकाल सर्वांकडे होते. संख्याशास्त्रज्ञांनी गणित मांडले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, दोन पिंपे आणि आधीच यादृच्छिक केलेले क्रम वापरून पद्धत बदलली गेली. उघडी पद्धत चुकते, पण तिची चूक पकडता येते. बंद पद्धतीच्या बाबतीत आपल्याला फक्त ‘चुकली नाही’ असे सांगितले जाते.

११/ यानंतर यदृच्छा संगणकात शिरली आणि इथेच पेच वाढला. संगणक आज्ञाधारक यंत्र आहे. तीच आज्ञा, तोच आरंभ दिला की तेच उत्तर येणार. म्हणून त्याच्याकडून मिळतात त्या आभासी यादृच्छिक संख्या. एका बीजसंख्येवर सूत्र चालवायचे आणि अंक काढत राहायचे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर ‘रँडू’ नावाचे असे सूत्र सर्रास वापरले जाई. त्यातून आलेल्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या अवकाशात बिंदू म्हणून मांडल्या, की सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर रांगेत बसतात. गोंधळ वाटत होता, पण ती कवायत होती!

१२/ विज्ञानात अशा संख्यांनी चुकीचे निष्कर्ष निघतात. गुप्तलेखनात मात्र थेट गुपितच फुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत गुप्तसंदेश एकदाच वापरायच्या यादृच्छिक अंकवह्यांवर चालत. ही पद्धत नीट पाळली तर अभेद्य आहे. पण १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत वह्यांची काही पाने दोनदा छापली गेली. तेवढ्या फटीतून अमेरिकी विश्लेषकांनी ‘व्हेनोना’ प्रकल्पात हजारो संदेशांचे अंश वाचले. सूत्र शाबूत होते, यदृच्छा तेवढी उसनी निघाली.

१३/ इंटरनेटच्या काळात हीच कथा पुन्हा पुन्हा घडली. १९९५ मध्ये इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की नेटस्केप ब्राउझर आपल्या गुप्त किल्ल्यांचे बीज मुख्यतः घड्याळातली वेळ आणि चालू प्रक्रियांचे क्रमांक यांवरून घेतो. वेळ सगळ्यांनाच माहीत असते! कुलूप भक्कम होते, पण किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली होती.

१४/ २००६ मध्ये डेबियन या मुक्त प्रणालीत एका देखभालकर्त्याने इशारे बंद करण्यासाठी ओपनएसएसएलमधल्या ओळी काढल्या. त्यानंतर किल्ली घडताना यदृच्छेचा एकमेव झरा उरला तो प्रक्रियेचा क्रमांक. त्याच्या शक्यता फक्त ३२,७६८. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला. मुक्तस्रोताच्या भक्तांनी हे उदाहरण विसरू नये. आज्ञावली उघडी होती, तरी सुमारे दोन वर्षे कोणी पाहिली नाही. दार उघडे असणे वेगळे आणि कोणी आत डोकावणे वेगळे.

१५/ आणि मग हेतुपुरस्सर बिघाडाचा संशय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००६ मध्ये मान्य केलेल्या चार पद्धतींपैकी एक होती ‘ड्युअल ईसी’. तिच्यात दोन स्थिरांक होते आणि ते कसे निवडले याचा खुलासा नव्हता. २००७ मध्ये डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी दाखवले की त्या दोन स्थिरांकांमधले नाते ज्याला ठाऊक असेल, त्याला थोडे अंक पाहून पुढचे सगळे सांगता येतील. २०१३ मध्ये स्नोडेन यांच्या कागदपत्रांवर आधारित वृत्ते आली, संशय अमेरिकी गुप्तहेर खात्यावर बळावला, आणि त्याच संस्थेने ही पद्धत वापरू नये असा सल्ला दिला.

१६/ आता धाग्याचा गाभा. ‘ड्युअल ईसी’चे अंक वरवर पाहता यादृच्छिकच दिसत. साधा मोजणीचा क्रम, एक, दोन, तीन, उत्तम गुप्तसूत्रातून काढला तर त्यातून येणारे अंकही नेहमीच्या संख्याशास्त्रीय चाचण्या बिनदिक्कत पार करतात. सूत्राची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला मात्र पुढचा प्रत्येक अंक पाठ असतो. म्हणजे अंकांकडे पाहून ते अस्सल आहेत की बनावट, हे कळतच नाही. चाचणीने झिजलेला फासा पकडता येतो, शकुनी पकडता येत नाही.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची आहे. कागदावरचा मजकूर सुसंगत आहे, भाषा त्या काळची वाटते, म्हणून कागद अस्सल ठरत नाही. कागद कोणत्या दप्तरातून आला, कोणाच्या हातातून गेला, शिक्का कोणाचा, हे विचारावे लागते. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला, तो याच जाणिवेतून. यादृच्छिक संख्येलाही दप्तर लागते. ती कुठून उगम पावली, हे पाहता आले तरच तिच्यावर विश्वास ठेवण्याला अर्थ आहे.

१८/ २०१३ मध्ये हा प्रश्न सिलिकॉनपर्यंत पोहोचला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१२ पासून यादृच्छिक संख्या देणारी सोय आहे. पण चिपच्या आत कोणाला पाहता येणार? फ्रीबीएसडीच्या कर्त्यांनी ठरवले की या चिपचे अंक थेट न वापरता इतर स्रोतांत मिसळूनच वापरायचे. त्याच वर्षी बेकर, रेगाझोनी, पार आणि बर्लेसन यांनी एक शोधनिबंध मांडला. काही ट्रान्झिस्टरांमधली अशुद्धीची मात्रा बदलली, तर अशा यंत्राची यदृच्छा १२८ बिटांवरून ३२ बिटांवर आणता येते आणि सूक्ष्मदर्शकातूनही फरक सहज दिसत नाही. प्रत्यक्ष बाजारातल्या चिपमध्ये असे सापडल्याचा त्यांचा दावा नव्हता. असे करता येते, एवढेच त्यांनी सिद्ध केले. तेवढे पुरेसे होते.

१९/ मुक्तस्रोत यूएसबी यंत्रांची पिढी या वातावरणातली. न्यूझीलंडमधले ‘वनआरएनजी’ २०१४ मध्ये लोकवर्गणीतून आले. त्यावरचे धातूचे झाकण काढून आतले भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावेत, अशीच त्याची रचना आहे. कीथ पॅकार्ड आणि बडेल गार्बी यांच्या ‘केऑसकी’ला लिनक्सच्या गाभ्यात २०१५ पासून स्थान आहे. जपानच्या नीबे युताका यांचे ‘न्यूजी’ आणि बिल कॉक्स यांचे ‘इन्फिनिट नॉइज’ ही आणखी दोन नावे. चारही आराखडे कोणीही उतरवून घ्यावेत, तपासावेत, हवे तर स्वतः डाग देऊन बांधावेत.

२०/ यांचे काम कसे चालते? उलट दिशेने दाब दिलेल्या डायोडमधून किंवा ट्रान्झिस्टरच्या सांध्यातून इलेक्ट्रॉनांचा लोंढा अनियमितपणे फुटतो. साध्या रोधातही उष्णतेमुळे विद्युतभार सतत थरथरतो. ही थरथर मोठी करायची, एका ठरावीक पातळीच्या वर असेल तर १ आणि खाली असेल तर ० नोंदवायचा. आलेले बिट थोडे पक्षपाती असतातच. त्यावर जॉन फॉन नॉयमन यांची १९५१ ची युक्ती आजही शिकवली जाते. बिट जोडीने घ्या. ०१ आले तर ०, १० आले तर १, आणि ०० किंवा ११ आले तर ती जोडी टाकून द्या. एकतर्फी नाण्यातून न्याय्य नाणे मिळते, मात्र प्रत्येक फेक आधीच्या फेकीपासून स्वतंत्र असली पाहिजे. आजची यंत्रे याऐवजी बहुधा हॅश सूत्रातून बिट घोटून घेतात.

२१/ यात एक मेख आहे. घोटून काढलेले अंक नेहमीच सुंदर दिसतात, आतला झरा आटला असला तरीही. म्हणून मला ‘इन्फिनिट नॉइज’ची रचना सर्वांत प्रामाणिक वाटते. त्या कांडीत वेगळा सूक्ष्मनियंत्रक नाही, त्यामुळे लपवायला फर्मवेअरही नाही. ती कच्चे बिट तसेच संगणकाकडे पाठवते. घोटण्याचे काम संगणकावरच्या उघड्या आज्ञावलीत होते. ती आज्ञावली आधी कच्च्या बिटांतली यदृच्छा मोजते, सर्किटच्या गणितानुसार ती जेवढी यायला हवी तेवढी आहे का हे ताडून पाहते, आणि नसेल तर पुरवठा थांबवते. इतिहासकाराच्या भाषेत, हे यंत्र सारांशासोबत मूळ कागदही हातात देते.

२२/ आता आक्षेप. पहिला: सामान्य माणसाला याची गरजच काय? खरे आहे, बहुतेकांना नाही. आधुनिक प्रणाली कळफलक, डिस्क, प्रोसेसर अशा अनेक स्रोतांतून यदृच्छा गोळा करतात. २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून तर सुरुवातीचे बीज मिळाल्यावर यदृच्छा ‘संपली’ म्हणून वाट पाहण्याचा प्रकारही उरला नाही. खरी अडचण येते ती कळफलक वा डिस्क नसलेल्या, नुकत्याच सुरू झालेल्या उपकरणांना. २०१२ च्या एका प्रसिद्ध संशोधनात रूटरसारख्या असंख्य उपकरणांच्या किल्ल्या एकमेकींशी जुळत असल्याचे उघड झाले होते.

२३/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आराखडा उघडा असला तरी माझ्या हातातली कांडी त्याच आराखड्याची कशावरून? वाटेत कोणी बदलली नसेल कशावरून? आणि आतली यूएसबी चिप तर बंदच असते. हा आक्षेप मला मान्य आहे. उघडा आराखडा विश्वासाची हमी देत नाही, तो तपासाची शक्यता देतो. अस्सल पत्राच्या बाबतीतही शंभर टक्के खात्री कधीच नसते. पण मूळ कागद पाहायला मिळणे आणि ‘आमच्याकडे आहे, विश्वास ठेवा’ एवढेच ऐकायला मिळणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२४/ शिवाय एका कांडीवर सगळा भार टाकायचा नसतो. अनेक स्वतंत्र स्रोत नीट मिसळले, तर त्यांतला एक जरी खरा असला तरी मिश्रणाचा अंदाज बांधता येत नाही. बाकीचे झरे फितूर असले तरी चालते, फक्त त्यांना खऱ्या झऱ्याचे अंक आधी दिसता कामा नयेत. एका बखरीवर विसंबू नका, परस्परांपासून स्वतंत्र साधने ताडून पाहा, हा आपल्या विषयाचा पहिला धडा इथे गणितानेही सिद्ध होतो.

२५/ आपल्या नगरपालिका आणि महापालिकांत प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा अनेक ठिकाणी पारदर्शक पिंपातून शाळकरी मुलांच्या हस्ते चिठ्ठ्या काढतात. या दृश्याला कोणी जुनाट म्हणेल. मला त्यात शहाणपण दिसते. पिंप पारदर्शक, चिठ्ठ्या सर्वांसमोर घडी घातलेल्या, हात निरपेक्ष, आणि सभागृहात हरकत घेणारे विरोधक हजर. यदृच्छेला साक्षीदार लागतात, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला न शिकवता कळलेले असते.

२६/ घरांच्या, प्रवेशांच्या, तपासणीच्या सोडती हळूहळू संगणकाकडे जात आहेत. वेग वाढतो, चिठ्ठ्यांतली हातचलाखी टळते, हे चांगलेच. पण पारदर्शक पिंपाच्या जागी आलेली पेटी अपारदर्शक असेल, तर एका शंकेच्या बदल्यात आपण दुसरी, अधिक खोल शंका घेतली. म्हणून माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक सोडतीत वापरलेले सूत्र आधी जाहीर व्हावे, बीजसंख्या सर्वांसमोर निघावी, तिचा झरा तपासण्याजोगा असावा, आणि निकालानंतर कोणालाही तीच सोडत आपल्या संगणकावर पुन्हा चालवून पाहता यावी.

२७/ त्या पेटीला लावलेली उघड्या आराखड्याची लहानशी कांडी हे सगळे एकटी करणार नाही. पण पिंपाची काच पुन्हा पारदर्शक करण्याची ती एक सुरुवात आहे. टिपेटने आपले अंक छापले, रँडने आपला दोष छापला, १९६९ च्या सोडतीने आपली चूक सर्वांसमोर केली. यदृच्छेच्या इतिहासात विश्वास टिकला तो जिथे तपासणाऱ्याला आत येऊ दिले, तिथेच.

२८/ धागा इथे संपवते. तुमच्या गावात सोडत कशी निघते, चिठ्ठीने की संगणकाने? आणि संगणकाने निघत असेल, तर बीज कुठून येते हे आजवर कोणी विचारले आहे का? माहिती असेल तर खाली जरूर लिहा. पुढचा धागा व्हेनोनाच्या अंकवह्यांवर.